लोकांना हंसविणारी बाई : व्हिक्टोरिया वुड

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत हास्यरसाचें विवेचन करतांना एक गोष्ट जातां जातां लिहून ठेविली आहे. तिचा अर्थ असा कीं, हा रस बहुशः स्त्रिया व नीच प्रकृतीचीं माणसें यांच्या ठिकाणीं दिसून येतो. संस्कृतच्या परीक्षांची तयारी करण्यासाठीं आमच्याकडे शाळेनंतर जे विद्यार्थी येत, त्यांना हें स्थळ आम्हीं किती वेळां समजावून दिलें असेल याची गणती नाहीं. स्मित आणि हसित उत्तमांचें, विहसित आणि उपहसित मध्यमांचें, अपहसित आणि अतिहसित अधमांचें, अशी सहा पायऱ्यांची उतरंड मांडावयाची, मुलांकडून ती पाठ करून घ्यावयाची आणि पुढच्या रसाकडे वळावयाचें, हा क्रम. स्त्री आणि नीच हीं दोन पदें एकाच समासांत शेजारीं शेजारीं कशीं बसलीं, हा प्रश्न आम्हीं कधीं विचारला नाहीं. मुलांनींही विचारला नाहीं. मुलींनीं विचारला असेल तर मनांतल्या मनांत.

हें आज आठवण्याचें कारण एक इंग्रज बाई आहेत. त्यांचें नांव व्हिक्टोरिया वुड. विनोदी लेखिका, नटी, स्वतः गाणीं रचून पियानोवर म्हणणाऱ्या कलावती, आणि सर्वांत विशेष म्हणजे रंगमंचावर एकटीनें उभें राहून दोन दोन तास श्रोत्यांना हंसविणाऱ्या वक्त्या, अशी त्यांची इंग्लंडांत ख्याति होती. २०१६ सालीं त्या निवर्तल्या. गेल्या पावसाळ्यांत आमच्या नातीनें आपल्या संगणकावर त्यांनीं लिहिलेला एक लहानसा प्रवेश आम्हांला दाखविला. उपाहारगृहांत घाईघाईनें जेवावयास आलेलें एक जोडपें आणि त्यांना वाढणारी एक अतिवृद्ध, बहिरी, थरथर कांपणारी बाई, एवढींच त्यांतलीं माणसें. जोडप्याला प्रथम सूप हवें असतें. म्हातारी पाऊल पाऊल टाकीत येते, सांगितलेलें भलतेंच ऐकते, पुन्हां पाऊल पाऊल टाकीत आंत जाते. आणि अखेर सूप येतें तेव्हां तें बशींत राहण्याऐवजीं वाटेंतच सांडलेलें असतें. ती म्हातारी झाली आहे ज्यूली वॉल्टर्स, वुडबाईंची जन्माची मैत्रीण. वुडबाई स्वतः त्यांत दिसत नाहींत. शब्द मात्र अथपासून इतिपर्यंत त्यांचे.

ह्या प्रवेशांत इंग्रजी समजावयास हवें असें फार थोडें आहे. स्वयंपाकघराच्या दारांत पळी घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या सौभाग्यवती इतक्या हंसल्या कीं, त्यांना चौकटीचा आधार घ्यावा लागला. भरतमुनींच्या कोष्टकांत तें हास्य कोणत्या पायरीवर मांडावें, हें आम्हांला ठरवितां येईना. त्या दिवसापासून ह्या बाईंचे कार्यक्रम मिळतील तितके आम्हीं पाहिले व त्यांच्याविषयीं मिळेल तें वाचलें. सूनबाईंनीं उत्तर इंग्लंडच्या उच्चारांशीं आमची ओळख करून दिली नसती तर निम्में हंसें फुकट गेलें असतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

ह्या कलेला इंग्रजींत 'स्टँड-अप' म्हणतात. म्हणजे अक्षरशः उभें राहून करावयाचा विनोद. पडदा नाहीं, नेपथ्य नाहीं, सोंग नाहीं, साथीला दुसरें पात्र नाहीं. एक माणूस, एक ध्वनिक्षेपक, आणि समोर अंधारांत पैसे देऊन बसलेले, 'हंसवा पाहूं आम्हांला' असें मनांत म्हणणारे लोक. आमच्या कीर्तनकाराच्या मागें निदान टाळ-मृदंग असतो, आणि बोवा अडखळले तर देवाचें नांव घेतां येतें. येथें तीही सोय नाहीं. संस्कृत रूपकांच्या दहा प्रकारांत 'भाण' म्हणून जो प्रकार आहे तो ह्याच्या बराच जवळचा. त्यांत एकच पात्र रंगमंचावर येतें, न दिसणाऱ्या माणसांशीं बोलतें, त्यांचीं उत्तरें आपल्याच तोंडानें सांगतें आणि सबंध नगरवस्ती आपल्या एकट्याच्या वाणींतून उभी करतें. मात्र भाणांतलें तें पात्र विट, म्हणजे गांवभर हिंडणारा चतुर पुरुष असतो. स्त्री त्यांत येते ती वर्णनाचा विषय म्हणून. इंग्लंडांतही १९७० च्या सुमारास ह्याहून निराळी स्थिति नव्हती. कामगारांच्या मंडळांतून रात्रीं पेल्यांच्या संगतींत जे विनोदवक्ते उभे राहात त्यांचा मुख्य माल म्हणजे बायको आणि सासू. तिकडे सासू म्हणजे बायकोची आई, एवढाच काय तो फरक.

व्हिक्टोरियाचा जन्म १९ मे १९५३ रोजीं लँकेशायर परगण्यांतील प्रेस्टविच येथें झाला. चार भावंडांत ती शेंडेफळ. वडील स्टॅन्ली वुड विम्याचा धंदा करीत, आणि फावल्या वेळीं गाणीं व नाटकें लिहीत. ती लहान असतांनाच हें कुटुंब बेरी शहराबाहेर, बर्टल येथील माळरानावरच्या एका एकाकी घरांत राहावयास गेलें. घर प्रशस्त होतें. परंतु आईनें पातळ फळ्या ठोकून त्याचे लहान लहान भाग पाडले होते, आणि ज्याचा तो आपापल्या खोलींत असे. पाहुणारावळा येत नसे. जेवणही ज्याचें त्यानें आपापलें. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं क्षणभर एकांत मिळत नाहीं अशी तक्रार असते, आणि ती खोटी नव्हे. ह्या मुलीच्या वाट्याला मात्र एकांताशिवाय दुसरें कांहीं आलेंच नाहीं. वडिलांनीं दिलेला पियानो, टेलिव्हिजनचा संच, पुस्तकें आणि खाऊ, हे तिचे सोबती. खाण्याचें पुढें पुढें व्यसन झालें. आपण लठ्ठ आहों ही बोचणी तिला जन्मभर पुरली. बेरीच्या मुलींच्या ग्रामर शाळेंत ती हुशार म्हणून दाखल झाली आणि तेथें मागें पडली. अशा मागच्या बांकावरच्या, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत नसलेल्या मुली आमच्याही वर्गांत होत्या. त्यांना धडा येत नाहीं एवढें आम्हीं पाहिलें. त्या काय ऐकत बसल्या आहेत हें पाहिलें नाहीं.

व्हिक्टोरिया ऐकत होती. ज्या घरांत कोणी बोलत नाहीं त्या घरांतल्या मुलाला दुसऱ्याच्या बोलण्याची तहान लागते. बसगाडींत, दुकानांत, केस कापण्याच्या ठिकाणीं बायका काय बोलतात, कोणत्या शब्दावर थांबतात, दुःखाची गोष्ट सांगतां सांगतां मध्येंच पडद्याच्या कापडाचा भाव कसा सांगतात, हें सारें तिच्या कानांत सांठत गेलें.

ती सहा वर्षांची असतांना आईबापांनीं तिला बक्स्टन येथें जॉइस ग्रेनफेल ह्या बाईंचा प्रयोग पाहावयास नेलें होतें. ह्या ग्रेनफेलबाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४४-४५ च्या सुमारास, हिंदुस्थानांतही येऊन इस्पितळांतील आजारी व जखमी शिपायांपुढें आपले विनोदी प्रवेश व गाणीं करून गेल्या होत्या. त्या दिवशीं लहान व्हिक्टोरियाला रंगमंचावर एक बाई एकटीच उभी असलेली दिसली. दुसरें कोणी येण्याची ती वाट पाहात नव्हती, आणि सभागृह हंसत होतें. असें असूं शकतें, ही गोष्ट तिला त्या रात्रीं प्रथम कळली, असें ती मोठेपणीं सांगत असे. ज्या मुलीला सगळा वेळ एकटेंच राहावें लागे, तिला एकटेपणाचा असाही उपयोग आहे हें दिसल्यावर काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

तथापि तेथवर पोंचण्यास तिला फार दिवस लागले. पंधराव्या वर्षीं रॉचडेल येथील तरुणांच्या नाट्यमंडळांत ती जाऊं लागली आणि तेथें तिला प्रथमच चार माणसांत बसण्याचें सुख लाभलें. पुढें मँचेस्टरच्या पॉलिटेक्निकमध्यें नाट्यशिक्षणासाठीं ती मुलाखतीस गेली, तेव्हां भीतीनें तिला ओकाऱ्या झाल्या आणि प्रवेश मिळाला नाहीं. उमेदवारांची सोय पाहणारी तेथें एक चुणचुणीत विद्यार्थिनी होती. ती आपल्या पूर्वीच्या परिचारिकेच्या नोकरींतल्या गमती सांगून सर्वांना हंसवीत होती, एवढें मात्र तिच्या ध्यानांत राहिलें. बर्मिंगहॅम विद्यापीठांत नाट्याचा अभ्यास करून ती बाहेर पडली. १९७४ सालीं नवोदित कलावंतांच्या 'न्यू फेसेस' ह्या टेलिव्हिजनवरील स्पर्धेंत तिनें एक फेरी जिंकली. आतां दैव उघडलें असें वाटलें. तें उघडलें नाहीं. १९७६ सालीं 'दॅट्स लाइफ' ह्या लोकप्रिय कार्यक्रमांत दर आठवड्यास एक गाणें रचून म्हणण्याचें काम मिळालें आणि संपलें. बेकारांना सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्यावर दिवस काढावे लागले. जाडगेली, लाजाळू, पियानोशीं बसून विनोदी गाणीं म्हणणारी मुलगी कोणत्या कप्प्यांत घालावी हें धंदेवाल्यांना समजत नव्हतें, आणि जें कप्प्यांत बसत नाहीं तें विकत कोण घेणार? ह्याच काळांत जेफ्री डरहॅम ह्या जादूगार गृहस्थाशीं तिची ओळख झाली. १९८० सालीं त्यांचा विवाह झाला.

१९७८ सालीं लंडनच्या बुश थिएटरांत चार-सहा लेखकांनीं मिळून केलेल्या एका प्रयोगांत तिला बोलावणें आलें. तेथें ज्यूली वॉल्टर्स नांवाची नटी होती. बोलतां बोलतां उलगडा झाला कीं, मँचेस्टरच्या मुलाखतीच्या दिवशींची ती चुणचुणीत विद्यार्थिनी हीच. त्या प्रयोगासाठीं व्हिक्टोरियानें घाईंत एक लहानसा संवाद लिहून दिला. लोक हंसले, नुसते हंसले नाहींत, तिला जेथें हवें तेथें हंसले. आपणांस नेमकें काय येतें हें तिला पंचविसाव्या वर्षीं कळलें. लगेच शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरासाठीं तिनें 'टॅलेंट' हें नाटक लिहिलें. एका हलक्यासलक्या क्लबांतील गायनस्पर्धेला आलेल्या दोन मैत्रिणी, एक नशीब काढावयास निघालेली व दुसरी तिच्या सोबतीला आलेली लठ्ठ मैत्रीण, एवढाच विषय. पुढल्या वर्षीं तें टेलिव्हिजनवर आलें आणि तिला उदयोन्मुख नाटककार म्हणून पारितोषिक मिळालें. येथून पुढें आम्ही तिला 'बाई' म्हणूं.

बाईंचा विनोद कशांत आहे, हें सांगणें सोपें नाहीं. अभिनवगुप्तांनीं सर्व हास्याच्या मुळाशीं अनौचित्य असतें असें म्हटलें आहे, आणि आम्हांला तें मत नेहमींच पटत आलें आहे. बाईंच्या लेखनांत हें अनौचित्य प्रसंगांत नसून वाक्यांत असतें. त्यांची पात्रें फार मोठी गोष्ट आणि फार लहान गोष्ट एकाच श्वासांत, एकाच स्वरांत सांगतात. मरण, घटस्फोट, शस्त्रक्रिया हीं एका बाजूला आणि बिस्किटें, पायपुसणें, बसचा क्रमांक हीं दुसऱ्या बाजूला. मध्यें स्वल्पविरामसुद्धां नाहीं. आणि बिस्किट म्हणजे नुसतें बिस्किट नव्हे, तर अमुक एका जातीचें, अमुक दुकानांतलें. 'बिस्किट' म्हटल्यानें कोणी हंसत नाहीं, त्याचें नांव घेतल्यानें लोक हंसतात, हें त्यांनीं ओळखलें होतें. शब्दांत अक्षरें किती, आघात कोणत्या अक्षरावर, वाक्याचा शेवट कोणत्या व्यंजनावर करावा, ह्याची त्या वृत्तबद्ध रचना करणाऱ्या कवीइतकी चिकित्सा करीत. नटांनीं एक शब्द मागेंपुढें केलेला त्यांना खपत नसे. 'आणि' च्या जागीं 'पण' घातलें तरी त्या थांबवीत. ऐकणाऱ्याला वाटावें कीं हें कोणा शेजारणीचें बोलणें टिपून घेतलें आहे. वस्तुतः तें घडविलेलें, घासून पुसून बसविलेलें असे.

१९८५ पासून बी. बी. सी. वर त्यांची 'ॲज सीन ऑन टीव्ही' ही मालिका सुरू झाली आणि तिनें त्यांना घराघरांत नेलें. ब्रिटनमध्यें चित्रपट व टेलिव्हिजन ह्यांच्या क्षेत्रांत जो सर्वांत मानाचा समजला जातो तो बाफ्टा पुरस्कार तिला मिळाला. वर सांगितलेला सूपाचा प्रवेश तींतलाच. 'एकॉर्न अँटिक्स' हें तींतलें दुसरें प्रसिद्ध प्रकरण. घाईगर्दींत व थोडक्या पैशांत उरकलेल्या दैनंदिन मालिकांची ती नक्कल होती. भिंती हलतात, नट भलत्याच वेळीं दार उघडतात, संवाद विसरतात. तिकडचे लोक तें अजून आठवून हंसतात. आम्हांला त्यांतलें पुष्कळसें उमगलें नाहीं, कारण मूळ मालिका पाहिल्यावांचून नकलेची गोडी कळत नाहीं.

परंतु त्याच मालिकेंतील एक प्रकरण आम्हांला विसरतां येत नाहीं. तें माहितीपटाच्या धर्तीवर आहे. एक किशोरवयीन, गोल चेहऱ्याची, साधीभोळी मुलगी इंग्लिश खाडी पोहून जावयाचें ठरविते. ही भूमिका बाईंनीं स्वतः केली आहे. मुलाखत घेणारा आईबापांना विचारतो; त्यांना त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. मुलगी पोहावयास निघणार त्या दिवशीं त्यांना लंडनला नाटक पाहावयास जावयाचें असतें, म्हणून तीं किनाऱ्यावर येत नाहींत. मुलगी एकटीच पाण्यांत उतरते. पुढें ती कोणाला दिसत नाहीं. हें सारें इतक्या शांतपणें, कोठेंही आवाज न चढवितां सांगितलें आहे कीं, पाहणारा हंसत असतो आणि आपण कशाला हंसत आहों हें त्याला शेवटच्या क्षणीं कळतें. बर्टलच्या माळावरचें तें फळ्या ठोकलेलें घर बाईंनीं उघडपणें फार थोडे वेळां वर्णिलें. येथें तें वर्णिलें आहे असें आम्हांस वाटतें.

टेलिव्हिजनवर नांव झालें तरी बाईंचें खरें घर रंगमंच. १९८३ मध्यें लंडनच्या 'किंग्ज हेड' ह्या पेयगृहांतील लहानशा नाट्यगृहांत त्यांनीं एकटीचा प्रयोग केला. पुढें गांवोगांवचे दौरे, मग मोठीं नाट्यगृहें. १९८८ च्या 'ॲन ऑडियन्स विथ व्हिक्टोरिया वुड' ह्या कार्यक्रमाबद्दल पुन्हां बाफ्टा. आणि १९९३ मध्यें लंडनचें रॉयल अल्बर्ट हॉल. ह्या वर्तुळाकार सभागृहांत पांच हजारांहून अधिक माणसें बसतात. तेथें लागोपाठ १५ रात्री सर्व जागा विकल्या गेल्या. मध्यभागीं कोट-विजार घातलेली, आखूड केसांची एक बाई. बोलण्याचा विषय काय, तर बाळंतपण, मुलांचे डबे, वाढतें वजन, दुकानांतल्या रांगा, नवऱ्याचें घोरणें. राजकारण नाहीं, शिवीगाळ जवळ जवळ नाहीं. घरांतल्या बाईनें दुसऱ्या बाईला ओट्याशीं उभें राहून सांगावें तें ती पांच हजार लोकांना सांगत होती, आणि त्या पांच हजारांत पुरुषही होते.

त्यांच्या एका गाण्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल, कारण तिकडे त्यांचें नांव निघतांच प्रथम तेंच गाणें निघतें. बॅरी आणि फ्रेडा ह्या मध्यमवयीन दांपत्याचें तें गाणें आहे. फ्रेडाला एका सायंकाळीं नवऱ्याच्या प्रेमाची उत्कट इच्छा होते, आणि बॅरी एकामागून एक सबबी सांगून अंग काढून घेतो. कडव्यागणिक तिची मागणी चढत जाते व त्याच्या सबबी पडत जातात. विषय चार वडीलधाऱ्यांत काढावा असा नव्हे. त्यांतल्या एका ओळींत एका सुप्रसिद्ध, सोज्ज्वळ अशा स्त्रियांच्या साप्ताहिकाचें नांव अशा कांहीं कामीं येतें कीं, आमचे संपादक तें ऐकून आपल्या मासिकाचे अंक कुलुपांत ठेवतील. पण यमकें पाहावींत! एकाहून एक अवघड, आणि प्रत्येक घरांतल्याच वस्तूवर बांधलेलें. अश्लीलता आणि ग्राम्यता ह्यांवर मम्मटाचे दोषप्रकरण शिकविलेल्या आम्हांलाही तेथें दोष दाखवितांना अडखळावयास झालें.

नव्या शतकाच्या आरंभीं बाईंवर गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया तातडीनें करावी लागली. ठरलेला दौरा लांबला. दुसऱ्या कोणीं ती गोष्ट झांकून ठेवली असती. बाईंनीं आपला प्रयोग नव्यानें लिहिला आणि २००१ च्या दौऱ्यांत तीच हकीकत, इस्पितळ, डॉक्टर, शेजारच्या खाटांवरच्या बायका यांसकट, हजारों लोकांपुढें सांगितली. आमच्या पिढींतल्या स्त्रिया हें दुखणें 'पोटाचें ऑपरेशन' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून ठेवीत आल्या. तें असें मोठ्यानें बोलतां येतें, आणि बोलल्यावर सभागृहांतल्या बायका आपलीच गोष्ट ऐकल्यासारख्या हंसतात, हें पाहून आम्हीं कार्यक्रम मध्येंच थांबविला व कांहीं वेळ तसेच बसलों.

ह्याच्या आधीं, १९९८ ते २००० ह्या काळांत, बाईंनीं 'डिनरलेडीज' ही सोळा भागांची मालिका लिहिली. आमच्या मतें ही त्यांची उत्तम कृति. मँचेस्टरांतील एका कारखान्याच्या उपाहारगृहांत पाव भाजणाऱ्या, लोणी लावणाऱ्या, चहा ओतणाऱ्या बायका हीं तिचीं पात्रें, आणि त्या स्वयंपाकघराबाहेर कथा जवळ जवळ पाऊल टाकीत नाहीं. वाढप्याच्या मुखियाला कर्करोगाचा उपचार चालू आहे. ब्रेन, म्हणजे बाईंची स्वतःची भूमिका, हिला लहानपणीं आईनें टाकून दिलें होतें. ती आई (पुन्हां ज्यूली वॉल्टर्स) आतां मोडक्या फिरत्या घरांत राहते, मधून मधून उगवते, अचाट थापा मारते आणि पैसे घेऊन जाते. हिंदी वंशाच्या शोभना गुलाटी ह्यांनीं अनिता नांवाच्या भाबड्या मुलीचें काम केलें आहे; ही मुलगी लपवून मूल प्रसवते आणि तें ब्रेनच्या भरंवशावर उपाहारगृहाच्या दारांत ठेवून जाते. इतकी सगळी दुःखें असूनही सोळा भागांत कोणी भाषण म्हणून करीत नाहीं. बायका लोणी लावीत राहतात.

ह्या मालिकेचा प्रत्येक भाग प्रेक्षकांसमोर दोनदां चित्रित होत असे, शुक्रवारीं आणि शनिवारीं. शुक्रवारीं लोक जेथें हंसले नाहींत ती जागा बाई रात्रींतून पुन्हां लिहीत, आणि नटांना दुसऱ्या दिवशीं नवे संवाद पाठ करून उभें राहावें लागे. नटांचे काय हाल होत असतील ते त्यांनाच ठाऊक. त्या स्वतः तर लेखिकाही होत्या व मुख्य पात्रही. मैत्रिणींना चांगलीं वाक्यें देऊन आपणांकडे साधीं ठेवण्याची त्यांची संवय होती, ही गोष्ट त्यांच्या बरोबरच्या मंडळींनीं पुष्कळदां सांगितली आहे.

२००६ सालीं बाईंनीं 'हाउसवाइफ, ४९' हा टेलिव्हिजनपट लिहिला व त्यांत मुख्य भूमिका केली. त्यांतील हकीकत सत्य आहे. १९३७ मध्यें इंग्लंडांत 'मास-ऑब्झर्व्हेशन' नांवाची एक संस्था निघाली. सामान्य माणसांनीं आपले रोजचे जीवन टिपून तिच्याकडे पाठवावें, अशी तिची योजना होती. बॅरो-इन-फर्नेस ह्या जहाजें बांधणाऱ्या गांवांतील नेला लास्ट नांवाच्या गृहिणीनें १९३९ पासून तिच्यासाठीं रोजनिशी लिहावयास घेतली, ती १९६६ पर्यंत. आपली ओळख तिनें दोनच गोष्टींनीं करून दिली होती : गृहिणी, वय ४९. घरांत नवरा बोलत नाहीं. मुलें मोठीं झालीं. बाईला मनाचा आजार होऊन गेलेला. युद्ध आलें आणि ती स्त्रियांच्या सेवादलांत जाऊं लागली, अन्न शिजवूं लागली, चार बायकांत बोलूं लागली, आणि रात्रीं तें सारें अपरिचित कचेरीला लिहून कळवूं लागली. बोलावयास कोणी नाहीं म्हणून कागदाशीं बोलणारी ही बाई व्हिक्टोरियाबाईंना कोठून ओळखीची वाटली असेल, हें निराळें सांगावयास नको. चित्रपटांत हंसण्याचे प्रसंग फार थोडे. २००७ सालीं त्यास दोन बाफ्टा मिळाले, एक उत्कृष्ट नाट्यकृतीबद्दल व दुसरा उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून बाईंना. लोकांना हंसवून मिळालेल्या पुरस्कारांच्या रांगेंत हा बसवितांना त्यांना काय वाटलें असेल कोण जाणे.

बाकीचें थोडक्यांत सांगतां येईल. पतिपत्नी २००२ मध्यें विभक्त झालीं, दोन मुलें. १९९७ व २००८ मध्यें राणीकडून बहुमान मिळाले. एका टेलिव्हिजन-प्रवासाच्या निमित्तानें, राणी व्हिक्टोरियाचें नांव मिरविणारीं स्थळें धुंडाळीत, ह्या व्हिक्टोरियाबाई कलकत्त्यासही येऊन गेल्या. तो कार्यक्रम २००७ सालचा. त्या शाकाहारी होत्या, हें आमच्या सौभाग्यवतींना समजल्यापासून त्यांचा आदर दुणावला आहे. अखेरचा आजार कर्करोगाचा. ज्या बाईंनीं आपली शस्त्रक्रिया अल्बर्ट हॉलमध्यें सांगितली, त्यांनीं हा आजार मात्र अगदीं जवळच्या माणसांपलीकडे कळूं दिला नाहीं. २० एप्रिल २०१६ रोजीं लंडनमधील हायगेट येथील घरीं त्या वारल्या. २०१९ मध्यें बेरी शहरांत त्यांचा पुतळा उभारला गेला. ज्या गांवच्या शाळेंत त्या मागच्या बांकावर बसत तें हेंच गांव.

हा लेख येथवर लिहून झाला तेव्हां स्वयंपाकघरांत शेजारच्या वहिनी आल्या होत्या. सौभाग्यवती त्यांना सांगत होत्या : त्यांच्या ओळखीच्या कोणा बाईंचे दीर पहाटे गेले, बसल्या जागीं गेले, चहाचा पेला हातांत तसाच, आणि आपला मोठा पितळी डबा दिवाळीच्या अनारशांपासून त्यांच्याकडे राहिला आहे, तो आतां तेरा दिवस तरी मागतां येणार नाहीं. स्वर एकच. मध्यें स्वल्पविराम नाहीं. आम्हीं लेखणी खालीं ठेवून कान दिला. पण तेवढ्यांत कुकरची शिट्टी झाली, आणि वहिनींनीं काय उत्तर दिलें तें ऐकूं आलें नाहीं.